‘सावकाश’ची पाटी

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्रास कारण आहे, पण ते जरा मागाहून. आधी घरचं.

आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर फारच बरी आहे. आधी दिसत नव्हतं म्हणून विचारायची, आता दिसतं म्हणून सांगते. कपाटावरची धूळ, माझ्या डोक्यातला पांढरा केस, समोरच्या गच्चीत उलटा वाळत घातलेला शर्ट, काही सुटत नाही. डॉक्टरांनी तिचा मोतीबिंदू काढला आणि त्याच्याबरोबर आमची शांतताही नेली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वायसर मीच बदलला. तू नसल्याने इथे काही अडत नाही, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहितेय की वाईट वाटावं म्हणून, ते माझं मलाच कळत नाहीये.

हे फोनवरही सांगता आलं असतं, म्हणशील. पण फोनवर तू नुसता ‘हं’ म्हणतोस. दोन-तीन ‘हं’ झाले की ‘बरं, ठेवतो’. पत्रही मध्येच ठेवता येतं म्हणा, पण मग उरलेलं टोचत राहतं. निदान तुला तरी टोचेल, एवढी मी तुला ओळखते.

आता कारण. एका कामात मला तुझं मत हवंय. घरात रस्त्यांचा इंजिनीअर असताना मी बाहेर कुणाचे पाय धरू?

एक बाई ड्रायव्हिंग स्कूल काढतेय. फक्त बायकांसाठी, आणि त्यातही अशांसाठी, ज्यांनी एकदा शिकायला घेऊन सोडून दिलं. कुणी गाडी भिंतीवर घातली, कुणाला शेजारी बसलेलं माणूस टाकून बोललं, कुणाचे हात नुसते थरथरले. स्कूलचं नाव ‘सावकाश’. नाव तिचंच. मी ऐकलं मात्र, म्हटलं, झालं, आता पाटीसाठी फक्त अक्षर शोधायचं.

सगळ्यांना वाटतं की अक्षर शोधणं हे ‘फक्त’च आहे. पाट्यावाल्याला कच्चं दाखवायला गेले तर तो म्हणाला, “मॅडम, गाडीचं काम म्हणजे अक्षर तिरकं पाहिजे. मागे दोन रेघा मारू. पळतंय असं वाटलं पाहिजे.” मी म्हटलं, “बाबा रे, या बायकांना पळायचं नाहीये. त्यांना आधी थांबता आलं पाहिजे.” मग त्याने गुबगुबीत गोल अक्षर काढलं. ते खेळण्याच्या दुकानाचं वाटायला लागलं. जाड काळं घेतलं तर पोलिसांची सूचना. बारीक नाजूक घेतलं तर अत्तराची बाटली. शब्द तोच, पण प्रत्येक अक्षरात तो वेगळ्याच माणसाच्या तोंडून आल्यासारखा.

बाई मात्र एक फोटो घेऊन आली होती. बसच्या खिडकीतून काढलेला, बंद दुकानाच्या पाटीचा. पाटीचा अर्धा भाग छपराखाली गेलेला, ‘घड्या’ कापलेलं, ‘ळ दुरुस्ती’ तेवढं दिसतंय. म्हणाली, “मला असं अक्षर हवंय.”

“का?”

“हे कुणावर ओरडत नाही. पुटपुटतही नाही.”

दादा, वीस वर्षं हे काम करतेय, मला गिऱ्हाईक सांगतं, ‘जरा मॉडर्न करा’, ‘जरा उठाव आणा’. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

मग ते अक्षर ओळखायच्या मागे लागले. कॉम्प्युटरला विचारलं, तर त्या शहाण्याने ‘ळ’ला आडवा पडलेला इंग्रजी आठ धरलं आणि भलतीच नावं सांगितली. शेवटी जुन्या पद्धतीने बसले. ‘ळ’च्या दोन्ही वाट्या सारख्या की लहानमोठ्या, ‘र’चा पाय कापल्यासारखा संपतो की बोट अलगद उचलल्यासारखा, उकार अक्षराला चिकटतो की अंतर राखून असतो. कपाटातले नमुन्यांचे सगळे गठ्ठे उपसले, शिंकून शिंकून नाक लाल झालं, आणि सापडलं. आपल्या पहिलीच्या पुस्तकाचं अक्षर, तेच घराणं! तोपर्यंत कुणी नापास झालेलं नसतं ना. म्हणून ते इतकं निर्धास्त दिसतं.

हवा होता तो भाव सापडला, पण ते अक्षर पुस्तकाचं, हातात धरून वाचायचं. गाडीवर लावलं की बारीक रेघा उन्हात विरघळतात. जाड केलं तर गाठी बुजतात. परीक्षा घ्यावी म्हणून मी छापील कागद गाडीच्या दाराला चिकटवले. बाईने गाडी आपल्या घराखालून नेली, मी आईला घेऊन बाल्कनीत. आईने नवे डोळे बारीक केले आणि मोठ्याने वाचलं, “सा-व-का-रा! अगं, सावकार कधीपासून गाडी शिकवायला लागला?”

‘श’ची गाठ बुजली होती, म्हणून त्याचा झाला ‘रा’. भीतीने गाडी सोडलेल्या बायका सावकाराच्या गाडीत बसणार म्हणजे कठीणच! मी हसून हसून कठड्याला टेकले. आई आधी हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही. ऊन फार होतं.

तर सांग. चालत्या गाडीवरचं अक्षर केवढं असावं, कुठे असावं, रस्त्याच्या पाट्यांना तुम्ही काय करता? सविस्तर लिही. ‘हं’ चालणार नाही.

तुझी,
टिंबू

*

२ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं पोस्टकार्डावर ‘बरं आहे’ येईल. तू तर पानंच्या पानं लिहिलीस, वर आकृत्या! आईने पाकीट हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, “जड आहे. म्हणजे बरा आहे तो.”

तुझं सगळं पटलं. अक्षराभोवती मोकळी जागा अक्षराइतकीच महत्त्वाची, हे मी लोकांना सांगून सांगून थकते, आणि तू ते एका आकृतीत दाखवलंस. पाटी टपावर नको, मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांसमोर हवी, हे तर मला सुचलंच नव्हतं. मी आपली येणाऱ्या बायकांचा विचार करत बसले होते. तू लिहिलंस, “शिकणाऱ्याला धडक समोरून बसत नाही, मागच्याच्या घाईने बसते.” वा! हे वाक्य मी वेगळ्या कागदावर उतरून घेतलं.

आणि शेवटी तू लिहिलंस, “बाई विचारी दिसते. अशी माणसं थोडी. तिला माझा नमस्कार सांग.”

नमस्कार सांगितला. म्हणून आता तुलाही सांगायला हवं.

ती बाई म्हणजे वहिनी.

जरा बस. पाणी पी. पत्र ठेवू नकोस, मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

नाव आधी सांगितलं असतं तर तू पहिल्याच ओळीला थांबला असतास, आणि मला तुझं खरं मत हवं होतं. कामाबद्दल, आणि कामामागच्या माणसाबद्दलही. ते तू दिलंस, स्वतःच्या हाताने. आता ते परत घेता येणार नाही.

ती जानेवारीत ऑफिसात आली. मी वर बघितलं तर दारात उभी. केस कापलेले, खांद्याला पिशवी, आत यावं की नाही अशी. तुमचं मोडल्यापासून आम्ही एकमेकींना रस्त्यात दोनदा दिसलो असू, आणि दोन्ही वेळा मी चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकले होते. ती म्हणाली, “गिऱ्हाईक म्हणून आलेय. नाही म्हणालीस तरी चालेल.”

मी म्हटलं, “गिऱ्हाईकाला आम्ही बसायला सांगतो. बस.”

कामाचंच बोललो. स्कूलचं नाव सांगितल्यावर मात्र मला राहवलं नाही. मैदानावरचा तो दिवस तुला आठवत असेल. तू तिला शिकवत होतास, मी मागच्या सीटवर होते. तू एकही वाईट शब्द बोलला नव्हतास, हे मी कुणापुढेही सांगेन. तू फक्त ‘सावकाश’ म्हणत होतास. आधी हळू, मग मोठ्याने, मग प्रत्येक वळणाला, मग वळण नसतानाही. तुला भीती वाटत होती, आणि तुझी भीती तिच्या हातात उतरत होती. शेवटी तिने मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली आणि चावी काढून तुझ्या तळहातावर ठेवली. नंतर तू ‘तिला नाही जमायचं’ असं हसत सगळ्यांना सांगायचास, आणि तीही हसायची.

म्हणून मी विचारलं, “वहिनी, हा टोमणा आहे का?”

ती लगेच नाही म्हणाली नाही. म्हणाली, “सुरुवातीला होता. मग नाव कसं दिसेल म्हणून सारखं लिहून बघत राहिले. लिहिता लिहिता टोमणा निघून गेला, शब्द उरला. शब्द चांगला आहे गं. मी पण शिकणारीला तोच म्हणते. फक्त एकदाच म्हणते.”

तुमचं मोडलं ते गाडीवरून नाही, इतकं मला कळतं. ते तुमचं दोघांचं, त्यात मी नाक खुपसणार नाही. पण हे काम माझं आहे, आणि मी ते घेतलं. त्या पहिलीच्या अक्षराचं एक चुलत भावंड सापडलं, अंगाने जरा भरलेलं, पण पोकळ्या मोकळ्या ठेवणारं. त्यातही ‘श’ची गाठ मी हाताने उकलली. ‘व’ आणि ‘का’ एकमेकांच्या अंगावर येत होते, त्यांना अंतर दिलं. फिक्या पिवळ्यावर गडद निळं, तू सांगितलंस तसं. पाट्यावाला अजून म्हणतोय की फार साधं झालं. मी म्हटलं, साधं दिसायला सगळ्यात जास्त घाम लागतो, लाव गुपचूप.

तुझ्या सूचना उतरलेला कागद मी तिला नाव न सांगता दिला. ती वाचत गेली, मान हलवत गेली. त्या धडकेच्या वाक्याशी थांबली.

“हे तुझ्या दादाचं वाक्य आहे.”

“कशावरून?”

“वाक्याला हेल्मेट आहे.”

मी हो म्हटलं. तिने कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. मला वाटलं आता काम गेलं हातचं. पण ती म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. मागेच लावू. मोठी लावू.”

“आणि त्याने नमस्कार सांगितलाय. म्हणजे, बाईला.”

“पोचला म्हणून कळव. बाईला.”

आता आईचं. त्या दिवशी बाल्कनीत आई हसता हसता गप्प झाली, ती उन्हामुळे नाही. ‘सावकारा’ ऐकून वहिनी खाली गाडीतून उतरून हसत होती, आणि आईने तिला ओळखलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, इतक्या वरून काय दिसणार! तिच्या नव्या डोळ्यांचा मलाच विसर पडला. आई आत गेली, पलंगावर बसली. मी समजावायला गेले, “आई, कामापुरतं आहे गं.” तर म्हणाली, “तिला वर का नाही बोलावलंस? उन्हात उभी होती पोर.”

“तुला चालेल?”

“माझ्या मुलाचं मोडलं. माझं कुठे मोडलंय?”

मी बाल्कनीतून हाक मारली. वहिनी वर आली. दारातच म्हणाली, “आई, तुम्ही बारीक झालात.” आई म्हणाली, “तू केस कापलेस.” एवढंच. मग चहा झाला, दोघी डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल बोलत बसल्या, जणू मधली वर्षं कुणीतरी कपाटात ठेवली होती.

आणखी एक. मीही तिच्याकडे शिकतेय. मी, जी सायकलसुद्धा फुटपाथवरून चालवायची! काल चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढली. मागे सरकली नाही. सीटचा पट्टा काढेपर्यंत मी हसत होते.

तिने परत यावं असं मी म्हणत नाही. तिला यायचं नाहीये, तिचं छान चाललंय. तू तिला भेटावंस असंही म्हणत नाही. पण या घरात तिचा विषय निघाला की आपण सगळे पंख्याकडे बघायचो, ते आता बंद. ती येईल, आई तिच्याकडे जाईल, मी जाईन. तू फोन केलास आणि मागे तिचा आवाज आला तर तो तिचाच असेल. टीव्ही आहे असं मी सांगणार नाही.

चिड. चिडायचा तुला हक्क आहे. चिडून झालं की लिही.

तुझीच,
टिंबू

*

२८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं न आलेलं पत्र मिळालं, आणि नंतरचा फोनही.

तू म्हणालास, “तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत.” सगळ्यांनी नाही, मी एकटीने. आई आणि ती दोघी यात नाहीत. नाव लपवून मी तुझ्याकडून मत काढून घेतलं, ते तुला लागलं, आणि लागणारच होतं. त्याबद्दल माफ कर. तिच्याशी पुन्हा नातं ठेवलं त्याबद्दल मात्र माफी मागणार नाही, हे मी फोनवरही म्हटलं. तू फोन आपटलास. माझ्या कानात बराच वेळ तो आवाज होता.

त्यानंतर मी लिहायचं थांबले. मला वाटलं, आता याच्याशी परत ‘हं’वरच यावं लागणार.

पण रविवारी तू आईला फोन केलास. मी समोर बसले होते. आई ऐकत होती, नुसती ऐकत होती. मग म्हणाली, “हो, चांगली चालवते. नाही रे, झटके देत नाही.” मग पुन्हा ऐकलं. शेवटी फोन ठेवून मला म्हणाली, “विचारत होता, मला कुठे बसवता म्हणून. पुढे बसवा म्हणाला, मागून बाहेरचं दिसत नाही. आणि पट्टा लावत जा म्हणाला.” एवढं सांगून ती वाटाणे सोलायला बसली. तिचा हात मात्र एकाच शेंगेवर किती वेळ होता!

दादा, आईला पुढे बसवतो. पट्टा लावतो.

पाटी लागली. उद्घाटन वगैरे काही केलं नाही. सकाळी पाट्यावाल्याने मागच्या दारावर बसवली, दोन पावलं मागे जाऊन बघितली आणि म्हणाला, “आहे साधीच. पण वाचावीशी वाटते.” त्याच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. पाटी लागल्यावर पहिली शिकणारी आली ती बँकेत साहेब आहे, हाताखाली ढीगभर माणसं, आणि स्टिअरिंगला हात लावताना ओठ पांढरे. वहिनी तिच्या शेजारी. मी पुढच्या चौकात उभी होते, लांबून अक्षर कसं दिसतं ते बघायला. वळणावर गाडी बंद पडली. मागे लॉरी. मला वाटलं आता हा भोंगा वाजवणार आणि ती बाई चावी काढून चालती होणार. लॉरीवाला पुढे झुकला, त्याचे ओठ हलताना मला दिसले, त्याने वाचलं. आणि थांबला. हाताची घडी घालून थांबला. गाडी पुन्हा सुरू झाली, वळली, गेली. त्याच्यामागचे वाजवत होते, त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मी अक्षर निवडलं, पण ते कुठे उभं करायचं ते तू सांगितलंस. टपावर असतं तर लॉरीवाल्याला ते दिसलंही नसतं. हे मी त्या संध्याकाळी वहिनीला म्हटलं. ती म्हणाली, “कळव त्याला.” या वेळी ‘बाई’ वगैरे काही नाही. म्हणून कळवतेय.

तू आईकडे पाटीचा फोटो मागितलास. कामासाठी हवाय म्हणालास, तुमच्या ऑफिसात दाखवायला. पाठवतेय. पाटी स्पष्ट आली आहे, मोजायची तर मोजून घे. गाडीच्या काचेतून पुढे आईचं डोकं दिसतं आणि शेजारी तिचं. ती वळून आईला काहीतरी सांगतेय, हसतेय. वाटलं होतं, तेवढा भाग कापून पाठवावा. कात्री घेऊन बसलेही होते. मग नाही कापला.

आईचे आशीर्वाद. बाकी भेटीअंती, आणि भेट तू ठरव.

तुझी बहीण,
आणि तिची नणंद,
टिंबू